‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीतील पदांसाठी मुलाखती बंद केल्या. त्यामुळे मुलाखतीची कटकटच मिटली, असे आमच्या काही बांधवांना वाटते. पण सरकारी जागा किती आणि उमेदवार किती? यवतमाळला रोजगार मेळावा भरला की आपली मुलेमुली फाइल छातीशी धरून रांगेत उभी असतात. टेबलामागचे साहेब एकेकाला जेमतेम दोन मिनिटे देतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्वतःबद्दल सांगा.

इथेच आपली मुले गडबडतात. नाव, गाव, भावंडे किती, वडील काय करतात, असे सांगत जातात आणि शेवटी मान खाली घालून म्हणतात, घरची परिस्थिती हलाखीची आहे, नोकरीची फार गरज आहे. गरज खरी आहे. पण त्या रांगेत गरज कोणाला नाही? हा उमेदवार आपले कोणते काम करू शकेल, एवढेच साहेबांना पाहिजे असते.

१९१३ साली बाबासाहेब परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव महाराजांना भेटले. कोणता विषय शिकणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सरकारी जमाखर्चाचे शास्त्र, हे उत्तर तयार होते. ते शिकून काय करणार? आपल्या समाजाची अवस्था सुधारण्याचा मार्ग काढणार. हा संवाद चरित्रकारांनी दिला आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले.

आपल्या मुलांजवळ सांगण्यासारखे काही नसते, असे नाही. त्यांना ते काम वाटत नाही, ही खरी अडचण आहे. दारव्ह्याकडच्या एका मुलीला आम्ही विचारले, बी.कॉम. झाल्यावर काय केले? ती म्हणाली, काही नाही, घरीच होते. खोदून विचारले तेव्हा कळले की आईच्या बचत गटाचे हिशोब दोन वर्षे तीच लिहीत होती आणि बँकेत भरणाही तीच करत होती. याला ‘काही नाही’ म्हणायचे? मग आम्ही तिच्याकडून लिहून घेतले : “मी बी.कॉम. आहे. दोन वर्षे बारा बायांच्या बचत गटाचे हिशोब ठेवले, बँकेचा व्यवहार पाहिला. टॅली शिकले आहे. आपल्याकडे हिशोबाचे काम करायची इच्छा आहे.” एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. कोणी जिनिंगच्या काट्यावर वजन लिहिले असेल, कोणी मंडपवाल्याकडे वायरिंग केले असेल. तेही असेच सांगावे.

आडनावाबद्दलही बोललेच पाहिजे. आडनाव ऐकून कपाळाला आठी पडते, हा आपल्या मुलांचा भ्रम नव्हे. विदर्भातील अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. दलित नावांना बोलावणे कमी आले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तरी आमचे मत असे की आडनाव गिळू नये. पूर्ण नाव स्पष्ट सांगावे आणि लगेच कामावर यावे. “म्हणजे तुम्ही कोणते?” असे कोणी विचारलेच, तर “यवतमाळचा” म्हणून पुढे बोलावे.

सराव आरशापुढे करू नये, माणसांपुढे करावा. रविवारी विहारात वंदनेनंतर चार-पाच जणांनी अर्धा तास बसावे. एकाने साहेब व्हावे, एकाने घड्याळ धरावे. घरी आईला ऐकवावे. आईला कळले नाही, तर तिथे इंग्रजी शब्द जास्त झाले असे समजावे. पाठ करून पोपटासारखे म्हणू नये, मध्येच प्रश्न आला की पोपट अडतो. भाषेचीही लाज नको. “मले टॅली येते” म्हणणाऱ्या मुलीला टॅली येतच असते. प्रमाण भाषा सरावाने येते.

आणखी एक. बोलून झाल्यावर नुसते उठू नये. कामाची वेळ काय, पाळी रात्रीची असते का, हे विचारून घ्यावे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून रात्री गावाकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते मात्र आपणच आधी पाहून जावे.