घोळणा फुटतो, धाप लागते…

मैत्रिणींनो, आमच्या थोरल्या जाऊबाईंचा घोळणा लहानपणापासून फुटायचा. फुटला की कांदा हुंगायचा, टाळूवर गार पाणी थापायचं आणि ‘उष्ण प्रकृती’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यांच्या वडिलांचंही तसंच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. संध्याकाळी पाय सुजत. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तो अगदी ठीक. “रक्त कमी आहे, बीट-खजूर खा,” असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांत मीही होते!

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या ओठांवरचे, बोटांवरचे बारीक तांबडे ठिपके पाहिले आणि विचारलं, “माहेरी आणखी कुणाचा घोळणा फुटतो?” तिथून उलगडा झाला. आजाराचं नाव मोठं आहे, हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, थोडक्यात एचएचटी. साधारण ५,००० माणसांत एकाला तो असतो. आई किंवा वडील, कुणा एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी.

शाळेत आपण शिकलो, की रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं. या आजारात काही ठिकाणी ते जाळंच नसतं, रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते. नाकात असं झालं की घोळणा फुटतो. पण फुप्फुसात, यकृतात, मेंदूतही असे जोड असू शकतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

जाऊबाईंचे जोड यकृतात निघाले. तिथून रक्त आडवाटेने भराभर हृदयाकडे परतत होतं. त्यात घोळणा फुटून फुटून रक्तातलं लोह संपलेलं. पंगतीत वाढायचं भांडं लहान असलं की फेऱ्या जास्त घालाव्या लागतात ना, तसं पातळ रक्तामुळे हृदयाचं काम आणखी वाढलं. या साऱ्याचा ताण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर येऊन तिथला दाब चढला. हा दाब दंडावरच्या पट्ट्याला कळत नाही. हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोत, त्याचा अंदाज येतो. खात्रीसाठी शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तो मोजतात. सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर गेला तर तो जास्त समजतात.

याच आजारात दुसराही एक प्रकार असतो, पण तो क्वचित. त्यात फुप्फुसांतल्या लहान रोहिण्याच जाड आणि अरुंद होतात. त्यांना रक्तवाहिन्या सैल करणारी खास औषधं देतात. पहिल्या प्रकारात मात्र तीच औषधं बाधू शकतात. तिथे लोह भरून काढणं, लघवीवाटे पाणी उतरवणं हे आधी. म्हणून कारण नक्की झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गोळ्या घेऊ नका.

एवढं मात्र लक्षात ठेवा:

१. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. बसून थोडं पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, १० ते १५ मिनिटं सोडू नका.

२. घोळणा वारंवार फुटत असेल आणि घरात इतरांनाही तो त्रास असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी आपण होऊन सांगा. धाप, चक्कर, पायांची सूज असेल तर तेही सांगा.

३. हा आजार ठरला असेल तर दिवस राहण्याआधी आणि दात काढण्याआधी फुप्फुसांची तपासणी झालेली असावी.

जाऊबाई आता एका दमात पहिला मजला चढतात. पुतणीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तिचाही घोळणा फुटतो. पण या खेपेला घरात कुणी कांदा शोधत बसलं नाही.