गाडी माझी, मग पाना कुणाच्या हातात?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी मी घरासमोर गाडीखाली झोपलो होतो. शेजारच्या काकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "सर, हे काय करायलाव? गावात मेस्त्री नाहीत का?" तोवर एका सहकाऱ्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला: "सरांचं गॅरेज सुरू." मग जे व्हायचं तेच झालं. कुणी म्हणालं भंगारात द्या, कुणी म्हणालं मेस्त्रीच्या पोटावर पाय देऊ नका, कुणी प्रदूषणाचं ज्ञान दिलं. त्या सगळ्यांना एकत्र उत्तर म्हणून हे लिहितोय. विषय माझ्या एकट्याच्या गाडीचा असता तर लिहिलंही नसतं.

गाडी कोणती ते आधी सांगतो. २००२ सालची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. ज्यांनी चालवलीय त्यांना वेगळं सांगायला नको. दिसायला साधी, डिक्कीवाली, घरगुती गाडी, पण १०६ हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्याकडच्या सेडानमध्ये ही ताकद म्हणजे लई झाली. २००३ ला नवं मॉडेल आलं आणि ही बंद झाली. मी २०११ ला नांदेडच्या एका डॉक्टरांकडून दीड लाखात घेतली. आज भंगारवाला तीस हजारांच्या वर बोलत नाही. पण नरसीच्या रोडवर मोकळा रस्ता मिळाला की अजूनही ती जे करते, त्याला तीस हजार ही किंमत नाही. हा झाला हौसेचा भाग. तो बाजूला ठेवू.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुखेडला लग्नाला गेलो होतो. गाडी उन्हात उभी. दुपारी निघायला बसलो तर चालूच होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. पाहुण्यांनी ढकलून बघितली, काही उपयोग नाही. अर्ध्या तासानं, काचा उघड्या ठेवून सावलीत बसलो आणि सहज चावी फिरवली तर एका झटक्यात चालू! त्या महिन्यात असं चार वेळा झालं. सकाळी कधीच नाही, उन्हात तापली की हमखास.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. त्यांनी फ्युएल पंप, वायरिंग आणि इंजिनाचा कॉम्प्युटर बदलायला सांगितला. अंदाजपत्रक एकेचाळीस हजार. वर सल्ला, "सर, एवढा खर्च करण्यापेक्षा काढून टाका."

घरी आलो. रात्री मोबाइलवर याच जातीच्या इंजिनाचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल वाचत बसलो. त्यात एक साधी गोष्ट होती. चावी ऑन केली की मागच्या सीटकडून दोन सेकंद पंपाचा घूं-घूं आवाज आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मुद्दाम उन्हात तापवली आणि कान लावून बसलो. आवाज नाही. संध्याकाळी गार झाल्यावर आवाज आला. म्हणजे पंप चांगला आहे, तापल्यावर त्याला करंटच मिळत नाही. पंपाला करंट देणारा मेन रिले ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा. तो काढला, उघडला आणि भिंगातून बघितलं. आतल्या पट्टीवरच्या सोल्डरला केसासारख्या गोल भेगा पडलेल्या होत्या. ऊन लागलं की भेग फाकते आणि करंट तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो.

मोंढ्याकडे टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा बसतो. त्यानं दहा मिनिटांत नवे डाग दिले. शंभर रुपये घेतले. त्यानंतर एकदाही गाडीनं मला उन्हात उभं केलेलं नाही.

यात कंपनीचा दोष मी मानत नाही. मराठवाड्यातले वीस-बावीस उन्हाळे डॅशबोर्डखाली काढल्यावर माणूस तडकतो, सोल्डर तर सोल्डर आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. एकेचाळीस हजारांचं काम शंभर रुपयांत झालं याला माझी हुशारी कारण नाही. तीन गोष्टी जुळून आल्या. माहिती मिळाली, पार्ट उघडता आला, आणि उघडलेला पार्ट दुरुस्त करणारा हात गावात होता. या तिन्ही गोष्टी आता आपल्या हातातून निसटायलेत, आणि तो प्रश्न गाडीवाल्यापेक्षा ट्रॅक्टरवाल्याचा जास्त आहे.

माहितीचं बघा. माझ्या गाडीत दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की चेक इंजिनचा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो. मोजायचं, तक्त्यात बघायचं, बिघाड कुठं आहे ते कळतं. नव्या गाडीला स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर बाजारात मिळतो, पण कितीतरी कामं अशी आहेत की कंपनीचंच सॉफ्टवेअर आणि कंपनीचाच पासवर्ड पाहिजे. रोडवरचा मेस्त्री तिथंच थांबतो.

हे मी एकटा म्हणत नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या मेकॅनिकपर्यंत खुलेपणानं पोचू दिली जात नाहीत. दंडाबरोबर आयोगानं ती उपलब्ध करून देण्याचाही आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या, वर्षं गेली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झालं. पोर्टल चांगलंच आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून वाहनदुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला. आपण अजून "सर्व्हिस सेंटरला दाखवा" इथंच आहोत.

शेती अवजारं हा शब्द परत वाचा. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले. धूर कमी व्हावा म्हणून हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्स आलं. मृग लागलाय, वापसा झालाय, सोयाबीन पेरायचंय आणि ट्रॅक्टरचा एक सेन्सर गेला. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन परवा येणार. तोपर्यंत पाऊस थांबणार आहे का? माझी गाडी चार दिवस बंद राहिली तर मी एसटीनं शाळेत जाईन. पेरणीचे चार दिवस गेले तर ते कोण परत देणार?

आता पार्ट. देगलूरकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. मी वर्षातून एकदा राणीगंजला चक्कर मारतो. बेल्ट, बुश, फिल्टर, प्लग, वॉटर पंप असला माल अजून मिळतो. अडचण डुप्लिकेटची आहे. डबा ओरिजिनलसारखा, आत भलतंच. ब्रेक पॅड आणि टायमिंग बेल्ट या दोन गोष्टींत कुणी दोनशे रुपये वाचवू नका. पक्कं बिल घ्या. आणि कुणीतरी कंपन्यांना हेही विचारलं पाहिजे की मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं पार्ट देणार? विकताना ते लिहून का देत नाही?

तिसरी गोष्ट, हात. ही मला सगळ्यात जास्त टोचते. ज्या मेस्त्रीनं मला हे काम शिकवलं, ते आता साठीच्या पुढं आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून कितव्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे ते सांगतात. त्यांचा मुलगा पुण्याला एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे, लाइनवर दिवसभर एकच बोल्ट आवळतो. वडील म्हणतात, "सर, त्याला कामून इथं बोलवू? नवीन गाडी आली की मलाच कळना झालंय, त्याला काय शिकवू?" या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून "मेस्त्रीच्या पोटावर पाय" म्हणणाऱ्यांना सांगतो, मेस्त्रीचं पोट मी चार लिटर ऑइल घरी बदलल्यानं मरत नाही. त्याच्यापासून माहिती लपवल्यानं मरतं.

मी सगळंच घरी करतो असंही नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, बॅटरी, आणि वर्षातून एकदा टॅपेट, एवढं मी करतो. टॅपेटची फट थंड इंजिनावर फीलर गेजनं मोजायची, सुमारे पाव मिलिमीटरचा मामला. घट्ट राहिली तर व्हॉल्व्ह जळतो, ढिली राहिली तर टकटक. टायमिंग बेल्ट, ब्रेकची लाइन, स्टिअरिंग, एसीचा गॅस हे मेस्त्रीकडंच. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, तिथं शिकाऊपणा चालत नाही. आणि तरुण पोरांनो, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच शिरू नका. खाली घोडी लावा, चाकाला दगड लावा. जॅक सटकतो, आणि सटकायच्या आधी सांगत नाही.

प्रदूषणवाल्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. २००२ ची गाडी बीएस-६ गाडीएवढी स्वच्छ असूच शकत नाही. मी वर्षाला चारेक हजार किलोमीटर चालवतो, पीयूसी वेळेवर काढतो, पण त्यानं गाडी नवी होत नाही. रोज शंभर किलोमीटर जायचं असतं तर मीही नवीनच घेतली असती. पण मग मोजमाप धुराचं करा ना, जन्मतारखेचं कशाला? माझी नोंदणी फेब्रुवारी २०२२ ला नूतनीकरण झाली तेव्हा फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० झाली. २०२७ ला मी ती भरेन. पण नीट राखलेली गाडी आणि काळा धूर सोडणारी गाडी, दोघांना एकच फी हे मला पटत नाही. तपासणी कडक करा, नापास झाली तर मीच भंगारात नेतो.

आणि धुराबरोबर ऑइलचंही बोला. काढलेलं काळं ऑइल आपल्याकडं बिनधास्त नालीत सोडतात. नाली जाते लेंडीकडं. मी कॅनमध्ये साठवून मेस्त्रीकडं देतो, ते जुनं ऑइल नेणाऱ्याला देतात. फुकट काम आहे, फक्त कॅन ठेवायची.

आता काय करायचं? माझ्या मते चार गोष्टी.

एक, आपल्या आयटीआयमध्ये चालू मेस्त्र्यांसाठी रविवारचे छोटे वर्ग सुरू करा: सेन्सर, स्कॅनर, वायरिंग. पन्नाशीच्या माणसाला दोन वर्षांचा कोर्स नको, आठ रविवार द्या.

दोन, नगरपरिषदेनं गॅरेजच्या जुन्या ऑइलसाठी ड्रम ठेवावेत.

तीन, नवीन गाडी, ट्रॅक्टर, अगदी मोटारपंप घेतानाही शोरूममध्ये तीन प्रश्न विचारा: दुरुस्तीचं मॅन्युअल मिळेल का? पार्ट किती वर्षं मिळतील? बाहेरच्या मेस्त्रीनं हात लावला तर वॉरंटीचं काय? उत्तर लेखी मागा. दहा जणांनी विचारलं तर हसतील, शंभर जणांनी विचारलं तर उत्तर शोधतील.

चार, निवडणुकीत मत मागायला जे येतात त्यांना दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्याबद्दल विचारा. रस्ता, पाणी विचारतोच, हेही विचारा.

माझी गाडी आज ना उद्या जाईल, त्याचं मला फार वाटत नाही. पण बिघडलेली वस्तू उघडून बघायची सवय गावातून गेली, तर मग प्रत्येक शंभर रुपयांच्या कामाला आपण एकेचाळीस हजार मोजत बसू, आणि वरून "काढून टाका" हा सल्लाही ऐकू.

येत्या रविवारी सकाळी सातला, इंजिन थंड असताना, टॅपेट करायचेत. मेस्त्रीही येतो म्हणालेत. ज्यांना बघायचंय त्यांनी या. काका, तुम्ही पण या, चहा माझ्याकडं. फोटो काढणाऱ्यानं मात्र येताना १० नंबरचा पाना घेऊन यावं, माझा परत हरवलाय.