‘ण’चा पहारा

परवा एका विभागीय वक्तृत्व स्पर्धेला आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. वस्तीतली एक मुलगी २० मार्च १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहावर हाती कागद न घेता बोलली. सभागृह स्तब्ध झाले. परीक्षकांनी मात्र ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले म्हणून तिचे गुण कापले! घोकलेले, गुळगुळीत भाषण पहिले आले.

आमचा सवाल साधा आहे. वक्तृत्व म्हणजे विचार की उच्चार? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, तो मुक्यांना वाचा फुटावी म्हणून. वाचा फुटली, तर आता तिची शुद्धता तपासली जाते. तळ्याचा खटला १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. व्यासपीठावरचा ‘ण’चा पहारा अजून उठलेला नाही. आयोजकांनी आशयाला सर्वाधिक गुण ठेवावेत. आणि त्या लेकीने पुढच्या वर्षीही ‘पानी’च म्हणावे!