तोंड उघडते तोवर



या पानावर एरवी मी बोंडअळी, बियाणे नाहीतर बाजारभाव यांवर लिहितो. आज दातांवर लिहितो आहे. हसू नका. हसायचेच असेल तर आधी जिभेने आपापल्या दाढा मोजा आणि मग हसा.

गेल्या पौषातली गोष्ट. तालुक्याची बैठक आटोपल्यावर एका कार्यकर्त्याच्या शेतात हुरड्याचा बेत होता. आगटी पेटली, कणसे भाजली, हातावर चोळलेला गरम हुरडा आणि लसणाची चटणी समोर आली. मी मूठभर तोंडात टाकला. डावीकडे चावायला दाढ नाही, उजवीकडची हलते, आणि चटणीने गालाच्या आतून जी आग उठली ती डोळ्यांतून बाहेर आली. मी पाठ फिरवली आणि तो हुरडा बांधापलीकडे थुंकून टाकला. ज्वारीच्या वाणांवर गावोगाव बोलत फिरणारा मी, आणि ज्वारीच चावता येत नाही! शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी ते पाहिले. म्हणाले, "साहेब, तुमचंबी गेलं का? माझं तर चार वर्सापासून कण्यावरच भागते."

काकांचे वय सत्तरीचे. माझे सेहेचाळीस. म्हणून हा लेख.

कृषी महाविद्यालयात असताना मी खर्रा खायला शिकलो. मातीचे नमुने घ्यायला दिवसभर उन्हात फिरायचे, डबा कधी मिळायचा, कधी नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तोंडात टाकला की भूक मरायची. पुढे नोकरी सुटली, चळवळ आली, खर्रा मात्र राहिला. वीस-बावीस वर्षे राहिला. चाळिशीनंतर हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दात हलला की मी तालुक्याला जाऊन काढून यायचो. "काढला की मोकळं" हीच माझी दंतचिकित्सा. चार दाढा अशा गेल्या. त्यांच्या जागी दात बसवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. मी उघडले. ते म्हणाले, "आणखी उघडा." मी म्हणालो, "एवढेच उघडते."

निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी जातात. माझ्या तोंडात दीड गेले. डॉक्टर म्हणाले, "दात बसवता येतील हो. पण माप घ्यायचा साचा आधी तोंडात तर जायला हवा."

या रोगाचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. नाव अवघड असले तरी रोग आपल्या ओळखीचा आहे. गावात म्हणतात, "त्याचं तोंड आवळलं." १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी तो केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये नोंदवला आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आजचे नाव दिले. म्हणजे सत्तर वर्षांहून जुनी ओळख. सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. त्याने गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू वाढत जातात आणि जुने तंतू मोडायची शरीराची रीत मंदावते. काळी जमीन पाणी तुटल्यावर आवळत जाते तसे तोंड आतून आवळत जाते. जमिनीला पुढच्या पावसाळ्यात पाणी मिळते आणि ती पुन्हा फुलते. गालाचे तसे नाही. आवळलेला गाल पूर्ववत होत नाही.

येथे एक गैरसमज खोडून काढला पाहिजे. "मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो," असे सांगणारे अर्धे कार्यकर्ते माझ्या ओळखीचे आहेत. हा रोग मुळात सुपारीचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविना खाल्लेली सुपारीही माणसात कर्करोग घडवते असे नोंदवले आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या रोगाच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला. त्यांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. ६६ पैकी ५. बियाण्याच्या पिशवीत एवढी खोट निघाली तर आपण दुकानदाराच्या दारात बसतो.

आता दातांकडे येतो. कारण एकदा हा रोग जडला की दाताचे प्रत्येक दुखणे दुप्पट होते. ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, म्हणून कीड लागते. कीड लागली तरी डॉक्टरांचे हत्यार तेथवर जात नाही, म्हणून दाढ भरता येत नाही, मुळाचा उपचार करता येत नाही. मग दाढ काढावी लागते, आणि आवळलेल्या तोंडातून दाढ काढणेही सोपे नसते. काढलेल्या दाढेच्या जागी कवळी बसवायची तर माप घेता येत नाही. बसवलीच तर ताठरलेल्या गालाला ती घासते आणि जखम होते. आपण मात्र याच क्रमाने जातो. आधी खर्रा, मग दुर्लक्ष, मग दात काढणे, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. गुलाबी बोंडअळीचे आपण हेच केले होते. बोंड वरून हिरवेगार दिसते तोवर फिकीर नाही, आणि फुटल्यावर पाहतो तो आतली सरकी खाल्लेली.

मी काय केले ते सांगतो. यात शहाणपण कमी आणि नाइलाज जास्त आहे. खर्रा सोडला. दोनदा सुटला, दोनदा धरला, तिसऱ्यांदा सुटला तो अजून सुटलेला आहे. गालात इंजेक्शने घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये एकेक वाढवत तोंड ताणायचा व्यायाम केला. सात-आठ महिन्यांनी दीड बोटाचे दोन बोटांच्या वर गेले. तीन कधीच होणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. हलणाऱ्या दाढेची मुळापासून सफाई झाली आणि ती वाचली. लहान मुलांचा छोटा, मऊ ब्रश वापरतो, कारण मोठा आत जात नाही. दुभागलेल्या साच्याने माप घेऊन आता छोटी काढघालीची कवळी मिळाली आहे. रात्री काढून ती पाण्यात ठेवतो. भाकरी दुधात किंवा वरणात मोडून खातो. तिखट जवळपास सुटले. हुरडा अजून जमत नाही.

याच्या खर्चाचाही हिशेब मांडतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला काही पटत नाही. आमच्या फाट्यावर खर्रा वीस रुपयांना मिळतो. दिवसाला तीन धरा, साठ रुपये झाले. वर्षाचे २१,९००. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे जवळपास पावणेतीन क्विंटल कापूस एका माणसाच्या गालात गेला, आणि तोही पूर्ण हमीभाव मिळाला असे धरले तर. हलक्या कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल घरी आले तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. अर्ध्या एकराहून जास्त रान आपण थुंकीसाठी पेरतो आहोत.

यावर कोणी म्हणेल, "भाऊ, आपली चळवळ भावाची. दाताचं हे मधेच कायले? कापसाला भाव भेटला असता तर शेतकरी दाताच्या डॉक्टरकडे गेलाच असता." यात अर्धे सत्य आहे. रात्री रानडुकरांच्या जागलीला बसणाऱ्याला जाग हवी असते, निंदणाला वाकलेल्या बाईला दुपारची भूक मारायची असते, आणि खर्रा, तंबाखू, मशेरी हे जेवणापेक्षा स्वस्तात ते काम करतात. ही लाचारी भावातून आली हे मी कोणत्याही व्यासपीठावर सांगेन. पण उरलेले अर्धे सत्यही सांगू द्या. भाव वाढला त्या वर्षी खर्रा कमी झालेला मी पाहिलेला नाही. उलट मजुराला चहाऐवजी खर्रा देणारे आपणच. फवारणीच्या हाताने तो घोटणारेही आपणच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, त्यानंतरही फवारणीच्या मधल्या सुट्टीत हात न धुता पन्नी चोळताना मी आपल्याच लोकांना पाहिले आहे.

दुसरा म्हणेल, "सरकारने बंदी केली आहे ना?" केली आहे. २००२ साली गुटख्यावर बंदी आली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली आणि दरवर्षी वाढवली जाते. आणि गुटखा कोठे मिळत नाही ते मला कोणी दाखवावे. बंदीने माल थांबत नाही, हप्ता तेवढा वाढतो, हे शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको. सुपारी पिकवणारा कोकणातला बागाईतदारही आपलाच भाऊ आहे. त्याची बाग तोडा असे मी म्हणत नाही. पण भावाचा माल म्हणून त्यातले विष लपवणे ही बंधुता नव्हे.

शासनाकडे मागायचे ते वेगळेच आहे. गावात दंत शिबिर येते, दात मोजून काढते, फोटो निघतो, गाडी जाते. काढलेल्या दाताच्या जागी काय, हे विचारायला कोणी परत येत नाही. आपल्याला दात काढणारे शिबिर नको. ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाचा ठरलेला वार हवा, तोंड आवळलेल्यांची नोंद हवी, आणि अवघड रुग्णाला नागपूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवायची चिठ्ठी हवी.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते करू. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायचा. तपासणीसाठी तुकडा काढला की कर्करोग पसरतो, ही भीती खोटी आहे. वरचा दात काढला की नजर जाते, हीही खोटी. दुखऱ्या दातात तंबाखू दाबायची नाही. बाजारात पेटी मांडून बसणाऱ्याकडून तारेने आवळलेला दात बसवून घ्यायचा नाही, तो शेजारचे दोन दातही घेऊन जातो. कवळी टोचत असेल तर सोसायची नाही, घासून घ्यायची. साखरेचा आजार असेल तर दात काढण्याआधी सांगायचे. खर्रा सोडताना आधार हवा असेल तर १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. आणि बायकांनी तोंडाला पदर लावून दुखणे लपवायचे नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईचे दात गेले की ती काय गिळते हे कोणी पाहत नाही.

येत्या जिल्हा बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. एक, बैठकीच्या मंडपात आणि व्यासपीठावर खर्रा चालणार नाही, माझ्यापासून अध्यक्षांपर्यंत कोणाचाही. दोन, मजुरीत किंवा पाहुणचारात खर्रा द्यायचा नाही. तीन, ग्रामीण रुग्णालयातल्या ठरलेल्या वारासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे शिष्टमंडळ न्यायचे. ठराव मांडण्याआधी सगळ्यांनी हात धुवून आपापली तीन बोटे तोंडात घालून पाहायची. ज्यांची जातील त्यांनी देवाचे आभार मानावे आणि पन्नी टाकून द्यावी. ज्यांची जाणार नाहीत त्यांनी माझ्याजवळ येऊन बसावे. लाज बाळगू नये. आपण एकाच शेतातले आहोत.

आजवर आपण खूप घोषणा दिल्या, पुढेही द्यायच्या आहेत. पण परवाच्या मोर्चात माझ्या मागे चालणाऱ्या पंचविशीच्या पोराचा आवाज फुटत नव्हता. वळून पाहिले तर तोंड जेमतेम बोटभर उघडत होते. भाव मागायलासुद्धा तोंड उघडावे लागते, भावांनो.