'जो' गेला कुठे?



गेल्या महिन्यात पालकसभा संपली, खुर्च्या उचलणे सुरू झाले, तरी एक अम्मी वर्गाच्या दाराशी थांबून होत्या. हातात लेकीची इंग्रजीची वही. म्हणाल्या, "बाजी, मला इंग्रजी वाचता येत नाही. पण इथे तुम्ही लाल रेघ मारली आहे आणि खाली काहीच लिहिलेलं नाही. पोरगी विचारते, माझं काय चुकलं? मी तिला काय सांगू?" मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "आता म्हणते, मला इंग्रजी जमणारच नाही. दहावीनंतर सायन्स नको."

मुलगी नववीतली. उर्दू माध्यमाची. गणितात हुशार. वहीतले वाक्य होते : "व्हिच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर." तिला म्हणायचे होते, "जो मुलगा काल आला होता, तो माझा भाऊ आहे." बरोबर इंग्रजी असे : "द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर."

खरे सांगते, मला लाज वाटली. या प्रकारच्या वाक्याखाली मी कितीतरी वर्षे लाल रेघ मारत आले आहे. चूक दाखवली, चुकीचे कारण सांगितले नाही. आणि कारण सांगितले नाही की मूल स्वतःच एक कारण शोधते : मीच मठ्ठ आहे. या महिन्याचे सदर म्हणूनच त्या अम्मींसाठी, आणि इंग्रजी येत नाही म्हणून मुलांच्या वहीपासून लांब बसणाऱ्या प्रत्येक आईसाठी.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत विचारायचे शब्द 'क'चे : कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती. जोडायचे शब्द 'ज'चे : जो, जे, जिथे, जेव्हा, जसा, जितका. आणि जोडलेले टोक पकडायचे शब्द 'त'चे : तो, ते, तिथे, तेव्हा, तसा, तितका. उर्दूतही तीच शिस्त : कहाँ, जहाँ, वहाँ. कब, जब, तब. कैसा, जैसा, वैसा. कितना, जितना, उतना. व्याकरणात 'क'वाल्या सर्वनामाला प्रश्नार्थक सर्वनाम म्हणतात आणि 'जो'ला संबंधी सर्वनाम. नावे विसरलात तरी चालेल. 'क' विचारतो, 'ज' जोडतो, 'त' उत्तर देतो, एवढे लक्षात ठेवा.

इंग्रजीत मात्र ही दोन कामे बहुतेक एकाच शब्दाला करावी लागतात. 'हू' म्हणजे कोण, आणि 'हू' म्हणजेच जो. 'व्हेअर' म्हणजे कुठे, आणि जिथेही. 'व्हेन' म्हणजे केव्हा, आणि जेव्हाही. आपल्या मुलीने 'जो' शोधला, तो तिला शब्दांच्या यादीत वेगळा सापडला नाही. 'व्हिच' म्हणजे 'कोणता' हे तिला पाठ होते. 'जो मुलगा'साठी तिने 'कोणता मुलगा'चे इंग्रजी उचलले. यात मठ्ठपणा कुठे आहे? दोन खणांतली भांडी एका खणात ठेवायची, तर पहिल्या दिवशी गोंधळ होणारच.

आणि एका शब्दाने दोन कामे करणे आपल्याला अगदीच नवे नाही. मकतबमध्ये शिकलेल्या सूरह आठवा. सूरह अल-कारिअहच्या दुसऱ्या आयतीत 'मा' हा शब्द प्रश्न विचारतो : काय? सूरह अल-फलकच्या दुसऱ्या आयतीत तोच 'मा' जोडतो : जे काही. आयतुल कुर्सीत 'मन' विचारतो : कोण? सूरह जिलजालच्या सातव्या आयतीत तोच 'मन' म्हणजे जो कोणी. अरबीत 'जो'साठी 'अल्लजी' हा वेगळा शब्दही आहे, पण 'मा' आणि 'मन' दोन्ही कामे करतात. ज्या मुलीला या सूरह तोंडपाठ आहेत, तिला 'हू' समजणार नाही असे कसे म्हणावे? कुणी तिला हे जुळवून दाखवले नाही, एवढेच.

मग इंग्रजी माणूस ओळखतो कसा, की 'हू' किंवा 'व्हेअर' आता विचारतो आहे की जोडतो आहे? वाक्यातल्या जागेवरून. "व्हेअर डू यू लिव्ह?" हा प्रश्न. यात 'डू' हा मदतनीस 'यू'च्या आधी उभा आहे. "धिस इज द हाउस व्हेअर आय लिव्ह." हे जोडणे. इथे मदतनीस नाही, 'आय'नंतर सरळ 'लिव्ह'. जे काम आपण 'क' आणि 'ज'ने करतो, ते इंग्रजी शब्दांचा क्रम बदलून करते. म्हणूनच "व्हेअर यू लिव्ह?" हा प्रश्न अर्धवट वाटतो, आणि "आय नो व्हेअर डू यू लिव्ह" हेही चुकते. दुसऱ्या वाक्यात आपण विचारत नाही, माहीत आहे असे सांगतो आहोत. म्हणून "आय नो व्हेअर यू लिव्ह". मात्र 'हू' स्वतःच कर्ता असेल तर मदतनीस लागत नाही : "हू केम?" म्हणजे कोण आले?

दुसरी गाठ 'तो'ची. मराठीत 'जो' आला की मागोमाग 'तो' यावाच लागतो. "जो मुलगा काल आला होता, माझा भाऊ आहे" असे म्हटले तर कानाला खटकते. इंग्रजीत उलट. 'हू'ने एकदा जोडले की 'तो' नको. आपल्या मुलीच्या वाक्यातला 'ही' हा आपल्या घरचा 'तो' आहे. सवयीने सोबत आला. त्याला प्रेमाने परत पाठवायचे.

तिसरी गाठ जागेची. आपण म्हणतो 'जो मुलगा' : जोडणारा शब्द आधी, मुलगा नंतर. इंग्रजी म्हणते 'द बॉय हू' : मुलगा आधी, जोडणारा शब्द त्याच्या मागे. शिवाय आपल्याकडे एक आखूड वाटही आहे. "काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे." इथे 'जो' नाही, 'तो' नाही, सगळे वर्णन मुलाच्या आधी येऊन बसले.

ही आखूड वाट तुर्कांचीही आहे. एर्तुग्रुलची मालिका आपल्याकडे किती घरांत उर्दूतून पाहिली गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. 'उर्दू' हे नावही मुळात छावणी, लष्कर अशा अर्थाच्या तुर्की शब्दावरून आले. 'काल आलेला मुलगा' हे तुर्कीत 'द्यून गेलेन चोजुक'. द्यून म्हणजे काल, गेलेन म्हणजे आलेला, चोजुक म्हणजे मूल. शब्दांचा क्रम अगदी आपलाच. तुर्कीत 'कोण'साठी 'किम' आहे, पण असे वर्णन जोडताना सहसा 'जो'सारखा वेगळा शब्द येतच नाही, क्रियापदालाच शेपूट लागते. त्यामुळे इस्तंबूलच्या मुलालाही 'द बॉय हू' म्हणताना वाक्य उलटे फिरवावे लागते. नागपूरच्या मुलीला जी गाठ बसते, तीच त्यालाही. गाठ भाषांच्या वेगळेपणाची आहे, मुलांच्या डोक्याची नाही.

आता उरला 'हू' की 'व्हिच'. प्रश्नात 'व्हिच' माणसालाही चालतो : "व्हिच बॉय?" म्हणजे अनेकांतला कोणता मुलगा. पण जोडताना माणसासाठी 'हू', वस्तूसाठी 'व्हिच'. 'दॅट' बहुतेक ठिकाणी दोघांनाही चालतो, मात्र अडले की सगळीकडे 'दॅट' ठोकायची सवय नको. इंग्रजीत एक सोय मात्र मोठी आहे. आपल्याला जो, जी, जे असे लिंग पाहून बदलावे लागते. 'हू'ला मुलगा काय नि मुलगी काय, सारखेच.

आता आईचे काम. यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात काम करता करता मुलाला मराठीत किंवा उर्दूत एक 'जो-तो'चे वाक्य द्या. समजा, संत्री निवडत आहात. म्हणा, "जी संत्री आंबट आहेत, ती लहान आहेत." मग चार प्रश्न विचारा.

एक, आपण कशाबद्दल बोलतो आहोत? संत्र्यांबद्दल. मग संत्री आधी : "द ऑरेंजेस".

दोन, माणूस की वस्तू? वस्तू. मग "व्हिच".

तीन, 'जी'ची गोष्ट काय? आंबट आहेत. "आर सावर".

चार, 'ती' गाळली का? गाळली. मग उरलेले बोल : "आर स्मॉल".

झाले वाक्य : "द ऑरेंजेस व्हिच आर सावर आर स्मॉल." रोज एकच वाक्य पुरे. "जो माणूस दूध देतो, तो आज आला नाही." "जे पुस्तक टेबलावर आहे, ते माझे आहे." "जी मुलगी समोर राहते, ती माझी मैत्रीण आहे." प्रश्न तुम्ही विचारायचे, इंग्रजी मुलाने करायचे. बरोबर की चूक ते दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारू द्या. तेवढ्यासाठी तरी मूल तोंड उघडेल.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीनंतर इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसायची वेळ आली की उर्दू आणि मराठी माध्यमाची कितीतरी हुशार मुले मागच्या बाकावर जातात. विषय कळत असतो, विचारायला वाक्य सापडत नाही. आणि जो विचारत नाही, तो हळूहळू मागे पडतो. म्हणून 'हू' आणि 'व्हिच' ही दोन मार्कांची गोष्ट नाही.

त्या दिवशी वर्गाच्या दाराशीच मी हे सगळे त्या अम्मींना सांगितले. वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे तिचं मराठी पक्कं होतं म्हणून चुकलं?" मी म्हटले, "हो, असंच समजा." त्या हसल्या आणि वही पिशवीत ठेवून निघाल्या.

आठवड्याभराने वर्गात फळ्याकडे पाठ फिरवली, तर मागून आवाज आला, "मिस, 'ज्याची सायकल हरवली तो मुलगा' यात 'ज्याची'ला काय म्हणायचं?" तीच मुलगी. हात वर. मी फळ्यावर लिहिले : "द बॉय हूज सायकल वॉज लॉस्ट." आणि सांगितले, 'हूज' म्हणजे कुणाची, आणि 'हूज' म्हणजेच ज्याची. "बघा मिस, पुन्हा दोन कामं," ती म्हणाली.

लाल पेन मी अजून वापरते. आता रेघेखाली अर्धी ओळ तरी लिहिते : 'तो' गाळ, किंवा मुलगा आधी. तुमच्या मुलाच्या वहीत नुसतीच रेघ दिसली, तर त्या अम्मींसारखे शाळेत या आणि विचारा. विचारणाऱ्या आईचे आम्हा शिक्षकांना ओझे वाटत नाही. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.