काखेत कळसा

कला शाखेच्या मुलीने संगणकातील ग्राफिक्स कार्डावर लेख लिहावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. कविता सोडून हे काय भलतेच, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या पालघर-बोईसर भागात ज्या घरांतून पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढते आहे, त्या घरांतही आता जुना का होईना, संगणक येऊ लागला आहे. तो येतो कर्जाने, बोनसने, नाही तर पहिल्या पगाराने. म्हणूनच त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

खेळासाठी घेतलेल्या संगणकात बहुधा चित्र काढणारे दोन कारागीर असतात. एक मुख्य प्रोसेसरमध्येच बसवलेला. तो साधा, थोड्या विजेवर भागवणारा. दुसरा म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. त्याची मेमरी वेगळी, पंखा वेगळा, ताकदही वेगळी. पडद्यावरचे चित्र लक्षावधी ठिपक्यांचे असते आणि धावत्या खेळात ते सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. हजार हातांचे हे काम कार्ड एकदम उरकते. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून ‘जीपीयू’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

गंमत अशी की, पुष्कळदा हे महागडे कार्ड आत असूनही खेळ त्या लहान कारागिराच्याच माथी मारला जातो. तगडा बैल गोठ्यात आणि नांगराला वासरू!

माझ्या मावसभावाचेच उदाहरण घ्या. तो औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. साठवलेल्या पैशांतून त्याने जुना डेस्कटॉप घेतला आणि खेळ पावलोपावली अडखळू लागला. दुकानदाराने निदान केले, ‘कार्ड गेले, नवे घ्या.’ नव्याची किंमत दादाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. मी मागे वाकून पाहिले, तो पडद्याची केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डच्याच खाचेत बसवलेली. खाली कार्डाच्या खाचा रिकाम्या. संगणक बंद करून केबल कार्डाला लावली, आणि आजार पळाला! कार्ड गेलेले नव्हतेच; त्याला कोणी कामालाच लावले नव्हते.

लॅपटॉपमध्ये केबलचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे बॅटरी वाचावी म्हणून यंत्रच पुष्कळदा लहान कारागीर निवडते. निबंध लिहिताना ही काटकसर योग्यच आहे. खेळाच्या वेळी मात्र आपण सांगावे लागते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स असे गेले की खेळाचे नाव निवडून त्यापुढे ‘हाय परफॉर्मन्स’ ठरवता येते. मग खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा आणि चार्जर लावलेला असावा. टास्क मॅनेजर उघडले की कोणता जीपीयू राबतो आहे, तेही आकड्यांत दिसते. यात ना इंग्रजीची पदवी लागते, ना इंजिनिअरची.

काही गुरुजन म्हणतील, खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? खेळात रात्री घालवू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ पुण्याच्या मंडळींनीच २०२० साली जगापुढे ठेवला. त्यात कथा आहे, चित्र आहे, संगीत आहे. म्हणजे कला शाखेचा अर्धा अभ्यासक्रमच की! त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याचे बळही एनव्हिडियाच्या जीपीयूंतच आहे. तेव्हा हे कार्ड केवळ पोरखेळाचे साधन नव्हे. चित्रफितींचे संकलन आणि सजीव चित्रे यांसाठीही ते राबते, आणि त्यावर पोट भरणारी माणसे आहेत.

माझे मासवण सूर्या नदीच्या काठी आहे. तेथून उपसलेले पाणी दूर वसई-विरारच्या नळांना जाते. शेजारच्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. शक्ती उशाशी असणे आणि ती आपल्या कामी येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हाला निराळे शिकवावे लागत नाही. मधला दुवा कोणी तरी जोडावा लागतो. नदी नि वीज यांचे दुवे फार मोठ्या हातांत आहेत. पण आपल्या टेबलावरच्या यंत्राचा दुवा तर आपल्या हातात आहे ना?

आमच्या घरांत ‘आपल्याला यातले काय कळते?’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या बोलले गेले. या एका वाक्यावर कितीतरी दुकाने चालतात. ते वाक्य मोडायचे, तर शिकलेल्या पहिल्या पिढीनेच मोडायला हवे. नवे विकत घेण्यापूर्वी जुने कामाला लागले आहे की नाही, हे आधी पाहावे. महाविद्यालयानेही वर्षातून एखादा दिवस, कला शाखेच्या मुलांसकट सर्वांना, संगणक उघडून त्याचे अंतरंग दाखवावे. त्यासाठी खर्च जवळजवळ नाहीच. वाचणारा पैसा मात्र कष्टकरी आईबापांचा असेल, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.