करार मोडल्यावर

यरुशलेमला वेढा पडला होता. बाबेलच्या सैन्याचे मोर्चे तटाला भिडले होते आणि शहरातले धान्य संपत चालले होते. इसवी सनापूर्वी 587 च्या सुमाराची ही गोष्ट. शहर पडणार असे उघड सांगत फिरणाऱ्या यिर्मया या संदेष्ट्याला राजा सिद्कीयाने पहारेकऱ्यांच्या आवारात अटकेत ठेवले होते. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा. अनाथोथ हे यिर्मयाचे गाव, यरुशलेमपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. वेढ्याच्या त्या दिवसांत तिथल्या शेतावर मालकाला पाय ठेवता येण्याची शक्यता नव्हती. अशा वेळी जमीन विकायला काढणारा हनामेल व्यवहारी म्हणायचा. घेणारा मात्र वेडा ठरायचा.

यिर्मयाने शेत घेतले. 17 शेकेल चांदी, आजच्या मापाने सुमारे 200 ग्रॅम, तराजूत तोलून दिली. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही बारूख या आपल्या लेखनिकाच्या हाती दिल्या आणि मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

यिर्मयाच्या ग्रंथात ही दस्तनोंदणी 32व्या अध्यायात येते. तिच्या आधीच्याच अध्यायात देवाच्या क्षमेचे ते वचन आहे, ज्यातला ‘नवा करार’ हा शब्दप्रयोग पुढे ख्रिस्ती बायबलच्या उत्तरार्धाचे नाव झाला. ग्रंथाची जुळणी करणाऱ्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले ते उगाच नसावे. पापक्षमा हा विषय निघाला की तो मनातल्या हळव्या भावनांपाशी जाऊन थांबतो. यिर्मयापाशी त्याला दस्त आहे, साक्षीदार आहेत, जमीन आहे.

मराठीत मात्र ‘करार’ या शब्दाने थोडी पंचाईत केली आहे. करार म्हटले की आपल्याला भाडेकरार आठवतो: मुद्रांकाचा कागद, अकरा महिन्यांची मुदत, अनामत रक्कम आणि शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात, अटींचा भंग झाल्यास करार रद्द. देवाचा करार म्हणजे असाच काही व्यवहार असावा, तुम्ही आज्ञा पाळा, तो आशीर्वाद देईल, अशी समजूत त्यामुळे सहज होते. अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती घरांतही तीच असते. मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘दियाथेके’ हा शब्द घेतला, ज्याचा कायद्यातला रूढ अर्थ मृत्युपत्र. मृत्युपत्र एकच माणूस करतो. वारसाने सही करायची नसते.

उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात या शब्दामागचे चित्र दिसते. अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा कापून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचे, ही त्या काळची रीत. जो शब्द मोडेल त्याची गत या जनावरांसारखी होवो, असा तिचा अर्थ. अंधार पडतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जातात. अब्राम चालत जात नाही. शपथेत अडकतो तो देव, एकटा. ख्रिस्ती भाष्यकार या प्रसंगापाशी इतके का रेंगाळतात ते यावरून कळावे.

पुढे सिनाय डोंगराशी झालेल्या करारात मात्र लोकांनीही शब्द दिला होता. तो त्यांनी मोडला, असे यिर्मया स्पष्ट सांगतो, आणि सांगताना देवाला पतीची उपमा देतो. इथे एरवीचा कायदा संपतो. करार मोडला की पीडित पक्षाने नुकसानभरपाई मागायची असते. यिर्मयाचा देव स्वतः पीडित पक्ष असून नव्या कराराचा मसुदा घेऊन येतो. त्यात तो म्हणतो की नियमशास्त्र आता दगडी पाट्यांऐवजी माणसांच्या अंतःकरणावर लिहीन. लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील, कुणी कुणाला शिकवायची गरज उरणार नाही. आणि त्यांची पापे मी पुन्हा आठवणार नाही. ओळख आणि क्षमा इथे एकाच दमात येतात. क्षमा झाल्यामुळे ओळख होते, असे त्या वाक्यांचे वळण आहे, आणि आमच्या मते सगळा मुद्दा त्या वळणात आहे.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. हे वचन इस्राएल आणि यहूदा यांच्या घराण्यांना उद्देशून आहे, आणि यहुदी वाचक ते आपलेच मानतात. लूकच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन नव्या कराराचा उल्लेख करतो, पौल करिंथकरांना लिहिताना तोच प्रसंग सांगतो, आणि इब्री लोकांस पत्राच्या 8व्या अध्यायात यिर्मयाचा उतारा सबंध उतरवला आहे. या तीन खांबांवर ख्रिस्ती वाचन उभे आहे. त्यातून ‘जुने रद्द, नवे लागू’ असा निष्कर्ष चर्चने शतकानुशतके काढला आणि त्याची किंमत यहुद्यांनी मोजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये त्या वृत्तीपासून फारकत घेतली. 1980 मध्ये माइन्झ येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुना करार देवाने कधीच मागे घेतलेला नाही, असे यहुदी प्रतिनिधींसमोर सांगितले. क्षमेचे वचन वाचणाऱ्यांनाही क्षमा मागायची पाळी येते, ती अशी.

येशूने स्वतः क्षमेबद्दल बोलताना बहुधा कर्जाची भाषा वापरली. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत पापाला ऋणच म्हटले आहे. 18व्या अध्यायात तो एका चाकराची गोष्ट सांगतो. त्याच्यावर राजाचे दहा हजार टॅलेंट कर्ज होते. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर हे कर्ज फेडायला दोन लाख वर्षे लागतील. आकडा मुद्दामच हास्यास्पद केला आहे. ऐकणारे शेतकरी आणि कोळी नक्की हसले असतील. राजा कर्ज सोडतो. हाच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी, म्हणजे चार महिन्यांच्या मजुरीसाठी, आपल्या सोबत्याचा गळा धरतो.

कर्ज सोडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगायला नको. 2017 मध्ये दीड लाखांपर्यंतची आणि 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी इथे जाहीर झाली. दुसऱ्या योजनेच्या नावात तर ‘कर्जमुक्ती’ असाच शब्द होता. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा त्याआधीपासूनची. या अनुभवातून दोन गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, आणि त्या दोन्ही ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या गाभ्याशी जाऊन भिडतात. पहिली ही, की माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. बँकेच्या वहीतली रक्कम कुणीतरी भरावीच लागते. आपल्याकडे ती सरकारी तिजोरीतून जाते. क्रूसाचा अर्थ लावताना ख्रिस्ती विचारवंतांनी अनेक वाटा धरल्या, त्यांच्यात मतभेदही तीव्र आहेत, पण क्षमा फुकट पडत नाही आणि तिचा भार क्षमा करणाराच उचलतो, याविषयी सहसा दुमत नाही. घरातल्या साध्या भांडणातही हेच घडते. ज्याने ‘जाऊ दे’ म्हटले, त्याने काहीतरी गिळलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा उतरला, हातात बेबाकी दाखला आला, म्हणजे शेतकरी उभा राहिला असे होत नाही. जूनच्या तोंडावर तो सोसायटीत जातो तेव्हा सचिव त्याला खुर्ची देतो की ‘साहेब आले की या’ म्हणतो, यावर पुढचे सगळे ठरते. नवे पीककर्ज मिळाले तर माफीला अर्थ, नाही तर कोरा सातबारा आणि दारात सावकार. ही तुलना फार ताणू नये. सरकारला मतांची गरज असते आणि देवाला ती नसावी. पण हिशेब मिटणे आणि संबंध पुन्हा सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती नीट दाखवते. बायबलमधले वचन दुसऱ्या गोष्टीचे आहे. पहिली तिच्या पोटात येते.

उधळ्या मुलाची गोष्ट लूकच्या 15व्या अध्यायात आहे. आपला वाटा उडवून परतलेला मुलगा वाटेत एक भाषण घोकून आला होता: मला मुलगा म्हणू नका, मजुरांत ठेवा. हा कराराचाच प्रस्ताव होता, आणि चांगला होता. कामाच्या बदल्यात मजुरी, दोन्ही पक्ष मोकळे. बाप ते शेवटचे वाक्य त्याला बोलूच देत नाही. अंगरखा, अंगठी, वहाणा मागवतो. वहाणा हा तपशील लहान असला तरी सांगून जातो: अनवाणी चाकर असतो, घरचा मुलगा नव्हे.

इथे कुणी विचारील की मग पश्चात्तापाचे, भरपाईचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि चर्चच्या इतिहासात त्याची उत्तरे नेहमी शोभादायक नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभी पापदंडमाफीची पत्रे पैशाला विकली जात होती. 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन ल्यूथरने 95 मुद्दे मांडले ते त्याविरुद्ध, आणि त्यांतला पहिलाच मुद्दा पश्चात्ताप आयुष्यभर चालणारा असतो, हा होता. 1937 मध्ये नाझी जर्मनीत डीट्रिख बॉनहोफर यांनी ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून आपल्याच चर्चला फटकारले. अलीकडच्या दशकांत मुलांवर अत्याचार केलेल्या पाद्र्यांना एका पॅरिशमधून दुसरीकडे हलवून झाकले गेले, आणि पीडितांना क्षमेचा उपदेश झाला. ही क्षमा नव्हे. ज्याचे देणे आहे त्याला बाहेर बसवून केलेली तडजोड आहे. बायबल याबाबत मोघम नाही. लेवीयात चोरलेली वस्तू परत करून वर एक पंचमांश द्यायला सांगितले आहे. येशू ज्याच्या घरी जेवायला गेला तो जकातदार जक्कय लुबाडलेल्याच्या चौपट परत करायला निघाला. पण क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरला, तो हिशेबाला त्यानंतर बसला.

हा क्रम मराठीत ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात तपासून पाहिला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव आधी घ्यावे लागेल. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी सांभाळत होत्या. हे कशापायी, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली: पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी, की आपल्याला तेव्हा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. ती ओळख पटायला आणखी काही वर्षे गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ काढले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली, आणि केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते आश्रमातल्या बायकांनी. ज्यांची नावे गावाने टाकली होती त्यांच्या हातून नव्या कराराची पाने जुळत होती.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आहे. 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांचा भोसकून खून झाला. भूमिहीन शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. खुन्याला जन्मठेप झाली. 2002 च्या राखीपौर्णिमेला त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे तो सुटला आणि केरळात राणी मारिया यांच्या कुटुंबाच्या घरी जाऊन आला. शिक्षा झाली होती, तो ती भोगत होता. कायद्याच्या लेखी प्रकरण तिथे मिटले असते. राखीने त्याला निर्दोष ठरवले नाही. तिने त्याला भाऊ केले, आणि भाऊ झाल्यावर त्याला आपले कृत्य अधिक जड झाले असेल, हलके नव्हे. अशी क्षमा कुणाकडून मागता येत नाही, आणि जी बहीण ती देऊ शकत नाही तिला उणे लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. 2017 मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

यिर्मयाच्या शेताचे पुढे काय झाले? यरुशलेम पडले, मंदिर जळले. मागे उरलेल्यांपैकी काही जण घाबरून इजिप्तकडे निघाले आणि जाऊ नका म्हणणाऱ्या यिर्मयालाही सोबत घेऊन गेले. तो अनाथोथला परतल्याची नोंद ग्रंथात नाही. खरेदीखत ठेवलेल्या त्या मडक्याचा उल्लेखही पुन्हा येत नाही.